वयोमानानुसार

बाईंना शिंक येणार असली की आमची अख्खी स्टाफरूम गप्प व्हायची. त्या हातातली वही रॅकवर ठेवत, दोन पावलं भिंतीकडे जात, डावा तळहात भिंतीवर सपाट टेकवत, गुडघे किंचित वाकवत आणि डोळे मिटून वाट पाहत. शिंक येऊन गेली तरी अर्धा मिनिट तशाच उभ्या राहत. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की वही उचलत आणि म्हणत, "चला. वाचलो." कधी शिंक अर्ध्यावरून परत जाई. मग भिंतीलाच म्हणत, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

नव्याने लागलेल्या शिक्षिकांना सुरुवातीला हे नाटक वाटे. मलाही वाटलं होतं. मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा माझी पाठ चांगली होती, आणि ज्याची पाठ चांगली असते त्याला आपल्याला पाठ आहे हेच ठाऊक नसतं. हे वाक्यही बाईंचंच.

त्या भूगोल शिकवायच्या. माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठ्या. उंच, शिडशिडीत, अंगावर सुती साडी आणि साडीखाली जाड तळाचे चक्क पुरुषी बूट. लग्न केलेलं नव्हतं. कर्वेनगरातच, शाळेपासून दहा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सख्खं म्हणावं असं माणूस एकच, वाघोलीला राहणारी आणि कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी भाची. बाई सगळ्यांना 'अहो' म्हणत. पाचवीतल्या पोरालासुद्धा. "अहो, आपण खिडकीबाहेर काय पाहताय? ब्राझील इकडे आहे, फळ्यावर." पोरगं लाजून चूर व्हायचं. ओरडलेलं परवडलं असतं.

बाई बसत नसत. स्टाफरूममध्ये सगळ्यांना नेमून दिलेल्या खुर्च्या होत्या, तशी त्यांनाही होती, माझ्या शेजारची. तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. त्या स्वतः वह्यांच्या रॅकपाशी उभं राहून पेपर तपासत, उभ्यानेच डबा खात. बसमध्ये बायकांची जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभ्या. एकदा कंडक्टरने तीनदा आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "अहो, तिकीट पूर्ण घेतलंय, उभं राहायचे पैसे वेगळे पडतात का?" बसलं की कमरेत कळ निघायची ती डाव्या पायातून टाचेपर्यंत जायची. उभं राहिलं की कमी, चाललं की आणखी कमी. एवढा साधा हिशोब होता, पण तो दरवेळी नवीन माणसाला सांगायचा त्यांना कंटाळा आला होता.

वाकायच्याही नाहीत. खडू हातातून पडला तर तो बुटाने हळूच भिंतीकडे सरकवत. प्रत्येक वर्गात फळ्याखाली खडूंची एक ओळ साचे आणि शनिवारी झाडणाऱ्या मावशी ती गोळा करून रॅकवर आणून ठेवत. भाजी घेताना दोन पिशव्या, दोन्ही सारख्या वजनाच्या. एका पिशवीत अर्धा किलो बटाटे पडले की दुसरीत अर्धा किलो कांदे पडलेच पाहिजेत, मग घरी कांदे कितीका असेनात.

मधल्या सुट्टीत मात्र पंधरा मिनिटं त्या आडव्या होत. भूगोलाच्या खोलीत सतरंजी टाकून पाठीवर निजायचं आणि पोटऱ्या स्टुलावर ठेवायच्या. एका वर्षी तपासणीला आलेले एक साहेब हेडबाईंबरोबर फिरत फिरत त्या खोलीत शिरले. अंधारात पृथ्वीच्या गोलाशेजारी एक बाई डोळे मिटून पडलेली आणि तिचे बूट स्टुलावर. साहेबांनी दार तसंच लोटलं आणि हेडबाईंना हळू आवाजात विचारलं की, यांच्या घरी कळवलंय का. आतून बाईंचा आवाज आला, "कळवा. जेवायला थांबू नका म्हणावं."

आम्ही हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला. त्यात सतरंजीवर पडलेल्या बाईचं काय होत असेल, हे कधी आलं नाही.

दुखणं त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलं. कुठे पडल्या नाहीत, काही उचललं नाही. एके दिवशी सकाळी दात घासताना बेसिनवर वाकल्या आणि सरळ होता येईना. एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरून सांगितलं की मणक्यांमधल्या गाद्यांमधलं पाणी कमी झालंय, त्या झिजल्यात, एक थोडी बाहेर आलीय, पण यात विशेष काही नाही, वयोमानानुसार असतं. पुष्कळांच्या फिल्ममध्ये असंच दिसतं, काहींना दुखतं आणि काहींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. बाईंनी विचारलं, मग मलाच का दुखतं. ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. केस पांढरे होतात तसंच समजा, असंही ते म्हणाले. "केसांना कलप तरी लावता येतो," असं त्यांना ऐकवून बाई आल्या.

तेव्हापासून 'वयोमानानुसार' हा शब्द त्यांनी उचलला. स्टाफरूमचा पंखा कुरकुरला, की वयोमानानुसार. नळ गळायला लागला, हेडबाई एकच सूचना दोनदा देऊन गेल्या, नदीने पात्र बदललं, सगळं वयोमानानुसार. आम्हीही तो शब्द वापरायला लागलो. शाळेत तो इतका रुळला की त्याचा मूळ मालक कोण आणि तो त्याला कुठे मिळाला, हे नव्या लोकांना माहीतही नव्हतं.

उपाय सुचवण्यात आम्ही कुणी मागे नव्हतो. विज्ञानाच्या बाईंनी कोकणातलं तेल आणून दिलं. चित्रकलेच्या सरांनी मणका बसवून देणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला, येरवड्याला कुठेतरी. मी पट्टा आणून दिला होता. बाई सगळं ऐकून घेत, आभार मानत. तेलाबद्दल नंतर म्हणाल्या, "छान आहे. दाराच्या बिजागऱ्यांना घातलं, आवाज थांबला." पण त्या हट्टी किंवा अडाणी नव्हत्या. एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना व्यायाम शिकवले होते, पडून राहू नका, चालत राहा असं बजावलं होतं, आणि ते त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही. सकाळी गरम पाण्याची पिशवी, वीस मिनिटं व्यायाम, मग टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं. त्याने दोन वर्षं बरी गेली. मग पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा बरं, पुन्हा दुखणं. दर वेळी डॉक्टर नवीन आणि वाक्य जुनं. शेवटी त्यांनी जाणं सोडून दिलं. "त्यांना जे सांगायचंय ते मला पाठ आहे," म्हणाल्या, "फी माझ्याकडेच भरते."

त्यांचा एक तास मी वर्गाच्या मागे उभं राहून ऐकलाय. नववीला खडकांची झीज शिकवायची होती. बाईंनी पिशवीतून मोठं पिवळं पाकीट काढलं आणि स्वतःच्या एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली. बाहेरून ऊन येत होतं. पोरं पुढे सरसावली. बाई पट्टीने दाखवत गेल्या, हे मणके, या त्यांच्यामधल्या गाद्या. वरच्या तीन उजळ दिसतात, त्यांच्यात अजून पाणी आहे. खालच्या दोन काळ्या पडल्यात, त्यांच्यातलं पाणी गेलं. वादळ आलं नाही, भूकंप झाला नाही, कुणी सुरुंग लावला नाही. नुसता वेळ गेला. झीज म्हणजे एवढंच. लिहून घ्या.

एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, हे कुणाचंय?"

"एका बाईंचं."

"त्यांना दुखतं का?"

बाईंनी पट्टी खाली घेतली. "नकाशाला दुखत नाही," म्हणाल्या, "देशाला दुखतं."

एका पालकाने तक्रार केली की मुलांना असलं काही दाखवू नये, पोरगी रात्री घाबरली. हेडबाईंनी बाईंना समज दिली. पण त्या वर्षी झिजेच्या प्रश्नात कुणाचेही गुण गेले नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी मी शाळेत कुणाला सांगितली नाही.

एका एप्रिलमध्ये, दुपारी साडेचारच्या सुमारास, तपासलेल्या उत्तरपत्रिका न्यायला मी त्यांच्या घरी गेले. बेल वाजवली तर आतून आवाज आला, "किल्ली शेजारच्यांकडे आहे, घ्या." उघडून आत गेले. बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर कुशीवर पडलेल्या होत्या. गाल फरशीला टेकलेला, एक हात पुढे. हातापासून वीतभर अंतरावर एक चमचा पडला होता. अकरा वाजता तो खाली पडला होता. बुटाने सरकवायला तिथे भिंत जवळ नव्हती, आणि आमटी ढवळायला दुसरा चमचा धुतलेला नव्हता, म्हणून त्या वाकल्या. साडेपाच तास त्या तिथे होत्या. मोबाईल बाहेरच्या खोलीत. दोनदा वाजून बंद झाला होता.

मी त्यांना उठवायला गेले तर म्हणाल्या, घाई नको, आधी पाणी द्या. मी खाली बसून चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. मग त्या सांगतील तसं, आधी गुडघे पोटाशी, मग कुशीवरून कोपरावर, मग ओट्याचा आधार, असं करत अर्ध्या तासाने त्या उभ्या राहिल्या. ओट्यावरच्या भिंतीला व्यायामाच्या चित्रांचा एक कागद चिकटवलेला होता. त्याच्यावर डोकं टेकून त्या उभ्या होत्या. घाम येत होता. मी म्हटलं, बाई, एवढं होतं तर सांगायचं ना. आम्ही रोज बरोबर असतो.

"काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा सगळे घरी आले होते. दुसऱ्या वर्षी फोन केले. तिसऱ्या वर्षी मी सांगायला लागले की तुम्ही घड्याळ बघायला लागलात. तुमची चूक नाही. दुखणं सांगून सांगून शिळं होतं. थट्टा केली की माणसं निदान ऐकून घेतात."

घड्याळ मी खरंच पाहिलं असणार.

त्यांनी मला गरम पाण्याची पिशवी भरायला सांगितली आणि हे शाळेत बोलायचं नाही असं बजावलं. जिना उतरताना मी मनाशी ठरवलं की यापुढे यांची थट्टा नीट कान देऊन ऐकायची, तिच्यामागे काय आहे ते बघायचं. महिनाभर मी तसं केलंही. मग जूनमध्ये शाळा सुरू झाली, वेळापत्रकं, पाठ्यपुस्तकं, पालकसभा. बाई विनोद करत राहिल्या आणि मी इतरांसारखी हसत राहिले.

तो मंगळवार संक्रांतीनंतरच्या आठवड्यातला होता. पहिली घंटा व्हायची होती. मी स्टाफरूममध्ये शिरले तर बाई खुर्चीवर बसलेल्या. पिशवी टेबलावर, दोन्ही हात मांडीवर, पाठ टेकलेली. इतक्या वर्षांत मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे दुसरंच कुणी आलंय असं क्षणभर वाटलं. विज्ञानाच्या बाई दारातच थबकल्या. मग एकच गलका झाला. बाई बसल्या, बाई बसल्या. चित्रकलेच्या सरांनी टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला. कुणी म्हणालं पेढे हवेत. कुणीतरी फोटोही काढला. त्या फोटोत बाई हसताहेत, हातात चहाचा कप आहे आणि मागे मी उभी आहे, मीही हसतेय.

गर्दी पांगल्यावर मी शेजारी बसले आणि विचारलं, आज कसं काय?

"आज कळच नाही," त्या म्हणाल्या. "सकाळपासून छान आहे. खरं म्हणजे खुर्चीही लागत नाहीये. हवेत बसल्यासारखं वाटतंय."

मी हसले. म्हटलं, "मग आता विमानाचं तिकीट काढा."

त्याही हसल्या. घंटा झाली. उठताना त्यांनी टेबलाला धरलं आणि दोनदा प्रयत्न करून उठल्या. मी हे पाहिलं. पाहिलं आणि नववी 'ब'च्या वह्या उचलून तासाला गेले.

बुधवारी त्या बसूनच होत्या. पाय जड वाटतात, बुटांचं वजन वाढलंय, म्हणाल्या. पाणी कमी प्यालं जातंय बहुतेक, दिवसभरात जावंही लागलं नाही, असंही म्हणाल्या होत्या. ते मला नाही, मावशींना. मला नंतर कळलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर त्या तासाला जायला उठल्या. मी मागेच होते. खुर्ची ओली होती. साडी मागून ओली होती. बाई टेबलाला धरून एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाल्या होत्या, सातवीच्या वर्गाकडे, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि हळूच म्हटलं, बाई, जरा थांबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे नेला, साडीला लावला आणि तळहात डोळ्यांसमोर धरून पाहत राहिल्या.

"मला कळलं नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत शाळेत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्याला थट्टेचं शेपूट नव्हतं.

माझी शाल त्यांच्या कमरेला गुंडाळून मी त्यांना रिक्षाने हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या सर्जननी त्यांना पालथं निजवून, बसायच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सुईचं टोक लावत विचारलं, टोचतं का? नाही. इथे? नाही. इथे? नाही. मी पडद्याच्या अलीकडे त्यांचे बूट हातात घेऊन उभी होते. प्रत्येक 'नाही' सारख्याच आवाजात येत होतं.

"हे बधिर कधीपासून आहे?"

"मंगळवारपासून."

"मंगळवार," ते म्हणाले. "आणि आज गुरुवार. कुणाला सांगितलं नाहीत?"

मग बाई म्हणाल्या, "सांगण्यासारखं वाटलं नाही."

माझ्या हातातले बूट खूप जड होते. खरंच जड होते, उगाच म्हणत नाही.

झिजलेल्या गादीचा मोठा तुकडा सुटून पायांकडे आणि लघवीच्या जागेकडे जाणाऱ्या नसांवर बसला होता. नसा दबून गप्प झाल्या, म्हणून कळ थांबली होती. बाईंना ज्या दिवशी बरं वाटलं, त्याच दिवशी हे झालं होतं. संध्याकाळी लगेच ऑपरेशन झालं. सर्जन सरळ माणूस होते. बाहेर येऊन भाचीला आणि मला म्हणाले की, तुकडा काढलाय. पाय काही प्रमाणात येतील. बाकीचं सांगता येत नाही. पहिल्या दिवशी आणलं असतं तर शक्यता पुष्कळ जास्त होती, खात्री तेव्हाही देता आली नसती. भाचीने विचारलं, मावशीला कळलं कसं नाही? ते म्हणाले, वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला दुखायचं थांबलं तर तो डॉक्टरकडे कशाला येईल?

पाय आले, वॉकर धरून चालण्यापुरते. लघवीवरचा ताबा आला नाही. दर चार तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालायची, असं नर्सने शिकवलं. पाठीची ती जुनी कळ मात्र पूर्ण गेली. बाईंनी मला हे हॉस्पिटलमध्येच सांगितलं, "घर जळलं, पण ढेकूण गेले."

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी थट्टा करणं जवळजवळ सोडलं.

नोकरीची दीड वर्षं उरली होती, ती सोडली. दोन जिने चढणं अशक्य होतं म्हणून भाचीने त्यांना वाघोलीला आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. सामान आवरायला मी गेले होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा व्यायामाचा कागद भाचीने सोडवून घेतला, मावशीला तिकडे लागेल म्हणून. डिंकाने लावलेला होता, सुरीने सोडवावा लागला. कागद उलटा झाला तर मागेही छापलेलं होतं. अर्धी अक्षरं भिंतीला राहिली होती, पण वाचता येत होतं. खालीलपैकी काहीही जाणवल्यास वाट न पाहता रुग्णालयात यावे. बसायच्या जागेला बधिरपणा. दोन्ही पायांत अशक्तपणा. लघवी न होणे किंवा नकळत होणे. बारा वर्षं बाईंनी रोज सकाळी त्या कागदासमोर उभं राहून व्यायाम केला होता.

भाचीने तो कागद माझ्या हातात दिला. मी घडी करून पर्समध्ये ठेवला. बाईंना दाखवला नाही. कुणालाच दाखवला नाही.

वाघोली म्हणजे कर्वेनगरहून शहराचं दुसरं टोक. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि त्या रस्त्यावरची गर्दी. पहिले दोन महिने मी दर पंधरवड्याला गेले. मग महिन्यातून एकदा. मग परीक्षा आल्या, मुलाची बारावी आली. बाई फोनवर कधी विचारत नसत की कधी येताय. त्यांनी विचारलं नाही की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं याचं वाईट वाटायचं. मग मी फोनही कमी केला.

फेब्रुवारीत त्यांना ताप आला. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला होता. तीन दिवसांत संपल्या. मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं, दुसऱ्या तासाला, वर्गात. कुणीतरी हात जोडल्याची चित्रं टाकायला सुरुवात केली होती.

शोकसभा स्टाफरूममध्येच झाली. एकेकजण उठून आठवणी सांगत होतं आणि प्रत्येक आठवणीला लोक डोळे पुसत हसत होते. चित्रकलेच्या सरांनी तपासणीवाल्या साहेबांचा किस्सा सांगितला. हेडबाई म्हणाल्या, इतक्या यातनांत या बाईंनी कधी कुणाला आपलं दुखणं जाणवू दिलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पण त्यांची माझी शेवटची भेट दिवाळीनंतरची, आणि ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

भाची कामावर गेली होती. बाई खिडकीशी पलंगावर उशांना टेकून होत्या. खूप वाळल्या होत्या. खिडकीतून दुसऱ्या इमारती आणि त्यांच्या खिडक्याच दिसत होत्या. मी नेलेला फराळ त्यांनी चाखला, चकली बरी झालीय म्हणाल्या. शाळेतल्या एकदोघांची चौकशी केली. मग बोलायचं संपलं. मी मागच्या कितीतरी भेटींपासून जे घेऊन येत होते आणि तसंच परत नेत होते, ते त्या दिवशी बाहेर पडलं. मी म्हटलं, बाई, त्या मंगळवारी तुम्ही मला सांगितलं होतं. खुर्ची लागत नाही म्हणाला होतात. मी हसले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, पण तुम्ही मला सांगितलं होतं.

मला रडू आलं होतं. त्या मी थांबेपर्यंत थांबल्या.

"तुम्हाला एकटीला नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी चौघींना सांगितलं. चौघी हसल्या."

मी मान वर केली. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"तुम्ही शेवटच्या. सकाळी उठले तेव्हा मलाही जरा विचित्र वाटलं होतं. म्हणून विचारून बघत होते, म्हणजे सांगून बघत होते. म्हटलं, मराठीच्या बाई आपल्याला ओळखतात. काही असेल तर त्यांच्या लक्षात येईल." त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "तुम्हीही हसलात, तेव्हा वाटलं, मग नसेल काही."

त्यांनी हे मला दोष द्यायला सांगितलं नव्हतं. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मी विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उशाशी ठेवलेली कापडी पिशवी जवळ ओढली.

"आता या तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझी नळीची वेळ झाली. तुमच्यासमोर नको."

मी मदत करू का, असं विचारलं. नको म्हणाल्या. मी पर्स उचलली. चपला घातल्या. बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं, आणि ते नीट लागलंय की नाही हे दोनदा ढकलून पाहिलं, कारण त्यांना लगेच उठून येऊन लावता येणार नव्हतं.